रोम, बजेटमध्ये आणि पायी पायी : बडोद्याहून स्वतःचे स्वतः जाणाऱ्या आमच्या प्रवाशांसाठी

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीची चौकशी सुरू झाली की ऑफिसात बऱ्याच जणांना दहा दिवसांत सहा देश हवे असतात आणि बजेट असतं एका देशाचं. अशांना आम्ही दांडिया बाजारातल्या आमच्या छोट्याशा टेबलावर बसवून एकच सांगतो, रोम घ्या, फक्त रोम, पाच-सहा दिवस, बाकी काही नको. कारण युरोपात खिसा रिकामा होतो तो हलण्यात, रोज नवीन ट्रेन, रोज नवीन हॉटेल, बॅगा ओढायला टॅक्सी, आणि एवढं करून जे बघायचं ते बसच्या काचेतून. रोमला एका खोलीत बॅगा टाकल्या की पुढचं सगळं चालत होतं, दोन हजार वर्षांपूर्वीचं शहर तिथे रस्त्यातच उभं आहे आणि त्यातल्या कितीतरी गोष्टींना तिकीटच नाही. व्हिसाचे कागद, विमान, राहायची जागा, तिकिटं हे आम्ही बघतो, फिरायचं तुमचं तुम्ही, म्हणून हे पत्रक.

एका तिकिटावर हात आखडू नका

कलोसियम (झुंजींचं जुनं गोलाकार मैदान), रोमन फोरम (जुन्या रोमचा मुख्य चौक) आणि पॅलेटाइन टेकडी या तिघांचं मिळून एक तिकीट असतं, मोठ्यांना १८ युरो, आणि ते २४ तास चालतं. हे अधिकृत साइटवरच काढायचं, साधारण ३० दिवस आधी विक्री उघडते आणि सीझनमध्ये पटापट संपते, मग लोक घाबरून दुसऱ्या कुठल्यातरी साइटवर दुप्पट-तिप्पट देतात. तिकिटावर नाव छापलेलं असतं आणि गेटवर पासपोर्ट बघतात, त्यामुळे नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच टाकायचं, आपल्याकडे मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असतं तिथे घोळ होतो. १८ वर्षांखालच्या मुलांना फुकट आहे पण त्यांचंही शून्य युरोचं तिकीट काढावंच लागतं.

२४ तासांचा फायदा असा घ्या की दुपारी तीन-साडेतीनचा स्लॉट कलोसियमला घ्यायचा आणि फोरम-पॅलेटाइन दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या. एकाच दिवशी तिन्ही केलं तर पॅलेटाइनला पोचेपर्यंत पायांचं भजं होतं आणि तिथली बाग, वरून दिसणारं गाव काहीच नीट बघून होत नाही.

महिन्याच्या पहिल्या रविवारी हे सगळं फुकट असतं, हे इंटरनेटवर वाचून बरेच जण येतात. खरं आहे, पण त्या दिवशी आधी बुकिंग होत नाही, रांगेत उभं राहायचं, आणि ती रांग भलतीच मोठी असते. बरोबर आजी-आजोबा किंवा लहान मूल असेल तर आम्ही स्पष्ट नाही म्हणतो. १८ युरो देण्यासारखे आहेत.

कलोसियमचं काम व्हेस्पासियन सम्राटाने इ.स. ७२ च्या आसपास काढलं आणि ८० साली त्याच्या मुलाने, टायटसने, ते लोकांसाठी उघडलं, ५० हजारांच्या आसपास माणसं आत मावायची. आत जायची घाई करू नका, आधी बाहेरून उत्तरेकडच्या कमानींखाली उभं राहून मान वर करा. प्रत्येक कमानीवर रोमन आकडा कोरलाय, तेवीसपासून चौपन्नपर्यंतचे अजून दिसतात, प्रत्येकाला आपला गेट नंबर माहीत असायचा आणि एवढी गर्दी त्या नंबरांवर आत-बाहेर व्हायची. आणि दगडांत जागोजागी जी भोकं दिसतात ती लढाईची वगैरे नाहीत, दगडाला दगड जोडायला आत लोखंडी आकडे घातले होते, मध्ययुगात लोकांनी ते लोखंड खणून खणून काढून नेलं.

फोरममध्ये सगळं मोडकं-तोडकं आहे, नुसते खांब, आणि बरेच जण अर्ध्या तासात बाहेर येतात. तसं करू नका हो, इथेच तर सगळी मजा आहे. अँटोनायनस आणि फॉस्टिना यांचं देऊळ शोधा, आता त्यात चर्च आहे, समोर मोठे खांब. त्याचं दार बघा, जमिनीपासून खूप वर, हवेत लटकल्यासारखं आहे, पायऱ्या तिथपर्यंत पोचतच नाहीत. चर्च झालं तेव्हा शेकडो वर्षांच्या माती-गाळाने जमीन तिथपर्यंत वर आली होती, म्हणजे ते दार तेव्हा जमिनीला लागूनच होतं, मग पुढे लोकांनी उकरून जुनं रोम बाहेर काढलं आणि दार वर राहिलं. किती माती उपसली हे त्या एका दारावरून कळतं. जवळच जूलियस सीझरच्या देवळाचा चौथरा आहे, तिथे त्याचं प्रेत जाळलं असं मानतात, आजही कोणी ना कोणी फुलं ठेवून गेलेलं असतं.

आपल्या भरूचचा माल

हे वाचून मग फोरममध्ये जा, वेगळंच वाटतं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवलीये, पेरिप्लस म्हणतात त्याला, त्यात बारिगाझा नावाचं बंदर आहे ते म्हणजे आपलं भरूच. उज्जैन आहे, पैठण आहे, तेर आहे (तेव्हाचं तगर). पैठणहून मौल्यवान दगड आणि तगरहून कापड गाड्यांवर लादून भरूचला यायचं असं त्यात लिहिलंय, तिथून अकीक, हस्तिदंत, सुती कापड, पिंपळी जहाजात चढायची आणि उलट इकडे इटलीची दारू, तांबं, कथील, पोवळं यायचं. आणि फोरमला लागूनच डोमिशियन सम्राटाने मसाल्यांची कोठारं बांधली होती, त्यांचं नावच मिऱ्यांवरून पडलंय. मॅक्सेंटियस सम्राटाच्या सभागृहाच्या ज्या प्रचंड मोठ्या कमानी आज दिसतात त्यांच्याखाली ती कोठारं गेली.

म्हणूनच आमचा आग्रह असतो की एक दिवस ओस्तिया अँतिकाला द्या. हे रोमचं जुनं बंदर, पिरामिदे मेट्रोशेजारच्या स्टेशनवरून लोकल जाते आणि शहराचं साधं १.५० युरोचं तिकीटच चालतं, आत जायचं तिकीट वेगळं. गर्दी कलोसियमच्या मानाने खूपच कमी. तिथे नाट्यगृहाच्या मागे एक चौक आहे, चारी बाजूंना व्यापाऱ्यांच्या, जहाजवाल्यांच्या पेढ्या होत्या आणि प्रत्येक पेढीसमोर जमिनीवर काळ्या-पांढऱ्या बारीक दगडांच्या तुकड्यांचं चित्र, कुठे जहाज, कुठे दीपस्तंभ, कुठे हत्ती. मांडवीत दुकानावर बोर्ड असतो ना तसं, फक्त पायाखाली. थोडं पुढे एक खाणावळ आहे, तिचा दगडी काउंटर आणि भिंतीवर रंगवलेले खायचे पदार्थ अजून आहेत. घरात व्यापारधंदा असेल त्यांना तर हा दिवस रोमपेक्षाही आवडतो असं आमचं मत आहे.

फुकट, आणि तरीही सोडू नये असं

कॅम्पिडोलियो टेकडीवर संध्याकाळी चढा, मायकेलअँजेलोने आखलेला चौक आहे, पण त्या मधल्या इमारतीच्या बाजूने मागे जा, कठड्यावरून अख्खं फोरम खाली दिसतं, दिवे लागल्यावर तर बघतच राहावं. तिथून खाली उतरून रस्त्याने ट्रेजन सम्राटाचा स्तंभ, इ.स. ११३ चा, खालून वरपर्यंत पट्टी गुंडाळल्यासारखी युद्धाची कथा कोरलीये, एक दुर्बीण घरात असेल तर न्या, उपयोग होतो. सॅन पिएत्रो इन विन्कोली या चर्चमध्ये मायकेलअँजेलोने केलेला मोझेसचा पुतळा आहे, सॅन लुइजी देई फ्रांचेझी मध्ये काराव्हाज्जोची चित्रं, दोन्हीकडे पैसे नाहीत पण दुपारी चर्च बंद असतात, म्हणून सकाळी. व्हॅटिकनचं सेंट पीटर्स चर्च फुकट, सिक्युरिटीची रांग असते, सकाळी सातला पोचलात तर सुखाने आत. व्हॅटिकन म्युझियम महिन्याच्या शेवटच्या रविवारी फुकट असतं, साडेबारापर्यंतच आत सोडतात, गर्दीचं वरच्यासारखंच समजा. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी, पंजाबी ड्रेस काही प्रॉब्लेम नाही, मुलामुलींच्या शॉर्ट्सवर मात्र अडवतात.

पॅन्थिऑन या जुन्या रोमन देवळाला २०२३ च्या जुलैपासून तिकीट लागलंय, थोडंच आहे, ते द्या. हेड्रियन सम्राटाच्या काळातला हा घुमट, ४३.३ मीटर रुंद आणि जमिनीपासून उंचीही तेवढीच, आत लोखंडाची एक सळई नाही, तरी काँक्रीटचा आणि उभा. वर जाल तसं काँक्रीटमधला दगड हलका करत नेलाय, अगदी टोकाला प्युमिस म्हणजे पाण्यावर तरंगणारा दगड. मधोमध मोठं उघडं भोक आहे, पाऊस सरळ आत पडतो, आणि खाली फरशीत पाणी जायला छोटी छोटी छिद्रं आहेत ती शोधा, मुलांना हे काम दिलं तर ती कंटाळत नाहीत.

शेवटच्या दिवशी वेळ उरला तर मेट्रोने जुलियो अग्रिकोला स्टेशन, तिथून चालत जलसेतूंचं पार्क. डोंगरातलं पाणी शहरात आणायला बांधलेल्या उंच कमानींची रांगच्या रांग, त्यातला क्लॉडियसचा जलसेतू इ.स. ५२ मध्ये पुरा झाला. टुरिस्ट जवळपास नसतात, तिथली माणसं कुत्री फिरवतात, पळायला येतात. खाखरे-थेपले घेऊन जा आणि गवतावर बसा.

राहणं, खाणं, जाणं

विमान अहमदाबाद किंवा मुंबईहून, मधे एक बदल धरूनच चला. फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनी या मुख्य रेल्वे स्टेशनला थेट एक्सप्रेस १४ युरोची आहे, पण साधी लोकल ८ युरोत त्रास्तेव्हेरे, ओस्तियेन्से, तिबुर्तिनाला नेते (तेर्मिनीला ती जात नाही हे लक्षात ठेवा), राहायची जागा त्या बाजूला असेल तर चौघांचे येता-जाता बरेच वाचतात. शहरात १.५० युरोचं तिकीट १०० मिनिटं चालतं, बसमध्ये चढल्यावर पंच करायचं, न केल्यास तिकीट हातात असूनही दंड.

आम्ही शक्यतो किचनवाली खोली बघतो, किंवा नन लोक चालवतात त्या गेस्टहाउस, स्वच्छ, सुरक्षित, साध्या, फक्त रात्री ठरलेल्या वेळेला दार बंद होतं. शहराचा टुरिस्ट टॅक्स माणशी दर रात्री वेगळा हॉटेलात भरावा लागतो, तो बुकिंगच्या रकमेत बहुतेक वेळा धरलेला नसतो, दहा वर्षांखालच्या मुलांना माफ आहे. तेर्मिनीजवळ पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला एस्क्विलिनोचं मार्केट आहे, तिथे तांदूळ, डाळी, हिरवी मिरची, कोथिंबीर सगळं मिळतं, त्यामुळे इथून पंधरा किलो सामान नेऊ नका, मेतकूट-लोणचं-चहा पावडर पुरे, एकवेळचा वरणभात खोलीवर झाला की जेवणाचा खर्च निम्म्यावर येतो.

बाहेर शाकाहारींसाठी वजनावर मिळणारा चौकोनी पिझ्झा सगळ्यात बरा, बोट दाखवून किती तुकडा ते सांगायचं. सुप्ली नावाचे भाताचे तळलेले गोळे दिसायला शाकाहारी वाटतात पण नेहमीच्या सुप्लीत मांसाचा रस असतो, विचारून घ्या. कॉफी काउंटरवर उभं राहून प्या, टेबलावर बसलात की भाव बदलतो. पाण्याची बाटली एकच घ्या आणि भरत राहा, रस्तोरस्ती लोखंडी नळ आहेत, २४ तास वाहतात, पाणी गार आणि चांगलं. तोटीचं तोंड बोटाने दाबलं की वरच्या भोकातून कारंज्यासारखं येतं, तसं प्यायचं.

जपून राहायचं ते पाकीटमारांपासून, तेर्मिनी ते व्हॅटिकन जाणारी ६४ नंबरची बस आणि मेट्रो, पासपोर्ट आतल्या खिशात. हातात दोरा बांधायला किंवा गुलाब द्यायला येतात त्यांच्याकडून काही घेऊ नका, रोमन सैनिकाच्या वेशातल्या माणसाबरोबर फोटो काढला की पैसे मागतात. स्पॅनिश स्टेप्स या प्रसिद्ध पायऱ्यांवर बसायला दंड आहे, कारंज्यात पाय घालायलाही. आणि दगडावर नाव कोरायचं नाही, हे मुलांना निघायच्या आधीच नीट बजावून ठेवा.

सीझन म्हणाल तर नोव्हेंबर, किंवा नाताळ सोडून फेब्रुवारीपर्यंत कधीही, भाडी खाली असतात, फक्त दिवस लहान असतो आणि फोरम सूर्यास्ताच्या तासभर आधी बंद होतं. मे-जूनच्या सुट्टीत ऊन आणि भाव दोन्ही वर. रस्ते सगळे गोट्या-गोट्यांच्या दगडांचे आहेत, नवीन बूट तिथे घालू नका, महिनाभर आधी कमाटीबागेत फेऱ्या मारून पायाला बसवा, गुडघे दुखणाऱ्यांनी तर नक्कीच, म्हणजे किती चालवतं तेही आपोआप कळेल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, अगदी उशिरात उशिरा १५ दिवस, पण आम्ही तीन महिने आधी धरतो. फी मोठ्यांना ९० युरो, शिवाय सेंटरचा चार्ज, आणि ३० हजार युरो कव्हरचा मेडिकल इन्शुरन्स लागतोच. ऑफिसला येताना सगळ्यांचे पासपोर्ट, जुने असतील तर तेही, तीन वर्षांचे रिटर्न, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट आणि मुलांच्या शाळेचं सुट्टीचं पत्र घेऊन या, आणि घरात कोणाला किती चालणं झेपतं ते आधी ठरवून या, प्लॅन आम्ही त्यावरूनच बनवतो.