प्लास्टिक पीपल: खटल्याआधीचा आणि नंतरचा बँड

झेकोस्लोव्हाकियातली साम्यवादी राजवट एका रॉक बँडने उलथवली, असं विधान प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्सबद्दल अनेकदा वाचायला मिळतं. ऐकायला ते छान वाटतं, पण त्यात बँडवरच अन्याय होतो. या मुलांना कुठलीही राजवट उलथवायची नव्हती. आपल्याला हवं ते, हवं तसं वाजवायला मिळावं, एवढीच त्यांची मागणी होती. राजकारण त्यांच्या दारात आणून ठेवलं ते सरकारने. ते कसं, हे कळायला १९६८पर्यंत मागे जावं लागतं.

त्या वर्षीच्या जानेवारीत अलेक्झांडर दुबचेक पक्षाचे प्रमुख झाले आणि देशाने मोकळा श्वास घेतला. वर्तमानपत्रांवरची सेन्सॉरशिप उठली, पाश्चात्त्य रेकॉर्ड हातोहात फिरू लागल्या, प्रागच्या क्लबांमध्ये रॉक बँडची गर्दी झाली. हा मोकळेपणा मोडायला २० ऑगस्टच्या रात्री सोव्हिएत नेतृत्वाखालच्या वॉर्सा करारातल्या देशांचे रणगाडे सरहद्द ओलांडून आत शिरले. त्यानंतर महिनाभरातच, सप्टेंबरमध्ये, मिलान ह्लावसाने मित्रांना घेऊन बँड सुरू केला. ह्लावसा तेव्हा १७ वर्षांचा होता. खाटिकाचं काम शिकलेला हा मुलगा बास गिटार वाजवायचा. बँडचं नाव त्यांनी अमेरिकी संगीतकार फ्रँक झप्पाच्या एका गाण्यावरून घेतलं. अमेरिकेतल्या व्हेल्वेट अंडरग्राउंड या बँडने तर त्यांना पुरतं झपाटलं होतं. रणगाड्यांना उत्तर म्हणून बँड निघाला असं मानायचा मोह होतो, पण सुरुवातीच्या त्यांच्या कार्यक्रमांत रंगवलेले चेहरे होते, चित्रविचित्र पोशाख होते, रंगमंचावर आग होती, घोषणा नव्हत्या.

एप्रिल १९६९मध्ये दुबचेक गेले, त्यांच्या जागी गुस्ताव हुसाक आले आणि ‘सामान्यीकरण’ नावाचा, सुधारणा गुंडाळून पुन्हा पकड घट्ट करण्याचा काळ सुरू झाला. संगीताच्या क्षेत्रात त्याची पद्धत साधी होती. पैसे घेऊन कार्यक्रम करायचे तर परवाना हवा आणि परवाना हवा तर सरकारी समितीपुढे वाजवून दाखवायचं. केस कापा, इंग्रजी नाव बदला, इंग्रजी गाणी सोडा, उदास सूर टाळा, अशा अटी. बऱ्याच बँडनी त्या मान्य केल्या. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. संगीतावर पोट असणाऱ्या माणसाला फारसा पर्याय नव्हता. प्लास्टिक पीपलने मात्र काहीच बदललं नाही. १९७०मध्ये त्यांचा व्यावसायिक दर्जा काढून घेतला गेला आणि त्यासोबत सरकारी मालकीची वाद्यं, ॲम्प्लिफायर, तालमीची जागा सगळंच गेलं. गिटारवादक योसेफ यानिचेक मेकॅनिकही होता. त्याने जुन्या रेडिओंचे सुटे भाग जोडून नवे ॲम्प्लिफायर तयार केले. त्या काळच्या ध्वनिमुद्रणांतला खरखरीत, दबलेला आवाज असा तयार झालाय.

या सुमारास दोन माणसं महत्त्वाची ठरली. एक, इव्हान मार्टिन यिरोउस. टोपणनाव मागोर, शिक्षणाने कला-इतिहासकार. तो कधी वाद्याला हात लावत नसे, पण बँडचा कलादिग्दर्शक तोच आणि पुढे वैचारिक कणाही तोच. कलाकार संघाचा सदस्य असल्यामुळे त्याला व्याख्यानं देता यायची. मग व्हेल्वेट अंडरग्राउंडचा पाठीराखा असलेला अमेरिकी चित्रकार ‘अँडी वॉरहॉल’ या विषयावर व्याख्यान जाहीर व्हायचं, यिरोउस थोडी चित्रं दाखवून थोडं बोलायचा आणि ‘प्रात्यक्षिक’ म्हणून बँड तास-दोन तास व्हेल्वेट अंडरग्राउंडची गाणी वाजवायचा. दुसरा, पॉल विल्सन. प्रागमध्ये इंग्रजी शिकवणारा हा कॅनेडियन तरुण १९७० ते १९७२ बँडचा गायक होता. इंग्रजी गाण्यांचे शब्द नीट उच्चारणारा माणूस त्यांना हवा होता.

मग १९७२मध्ये सॅक्सोफोनवादक व्राटिस्लाव्ह ब्राबेनेत्स आला. माझ्या मते बँडच्या इतिहासातलं खरं वळण हेच. ब्राबेनेत्स वयाने मोठा, जॅझमधून आलेला. दुसऱ्यांची गाणी बंद, इंग्रजी बंद, आपली रचना आणि आपली चेक भाषा, असा त्याचा आग्रह होता. म्हणजे चेक भाषेकडे ते वळले ते सरकारच्या धाकाने नव्हे, आतल्या गरजेने. ह्लावसाचा बास एकच जड आकृती पुन्हा पुन्हा घोटतो. त्यावर यिर्झी काबेशचा व्हिओला करकरत राहतो. आणि ब्राबेनेत्सचा सॅक्सोफोन त्यात मध्येच घुसून ताल-सूर दोन्ही उधळून लावतो. सुरेल कडवं, धृपद, गिटारचा चमकदार तुकडा यांतलं काहीही नाही. पहिल्यांदा ऐकताना कान मागे सरतात. दोन-तीनदा ऐकल्यावर लक्षात येतं की त्या घोटण्यात एक मंत्रासारखी शिस्त आहे.

शब्द आले एगॉन बाँडीकडून. हा बंदी घातलेला कवी आणि तत्त्वज्ञ. त्याच्या हस्तलिखित कविता हातोहात फिरत. त्यांत शासनाला शिव्या नव्हत्या. विशीतल्या माणसाला कशी सगळ्याची शिसारी येते हे होतं, बद्धकोष्ठता होती, दारू होती. आजूबाजूला सगळे सरकारी कवी कारखान्यातली पहाट रंगवत असताना कुणी आतड्यांवर गाणं म्हणावं, हेच अधिकाऱ्यांना सहन होईना. बाँडीच्या कवितांवरची ही गाणी १९७४-७५मध्ये ध्वनिमुद्रित झाली आणि अल्बम १९७८मध्ये परदेशात निघाला.

१९७३मध्ये परवान्यासाठी पुन्हा प्रयत्न झाला, तोही फसला. त्यानंतर कार्यक्रम म्हणजे लग्न, वाढदिवस, खेड्यातला गुत्ता. जागा तोंडोतोंडी कळायची, तीही शेवटच्या घडीला. मार्च १९७४मध्ये चेस्के बुद्येयोव्हित्से शहराजवळच्या रुडोल्फोव गावात शेकडो मुलं जमली. बँडने वाजवायच्या आधीच पोलीस आले. मुलांना शहराच्या रेल्वे स्टेशनवर नेऊन तिथल्या भुयारी मार्गातून लाठ्यांच्या माराखालून हाकललं आणि गाड्यांत कोंबून परत पाठवलं. कित्येकांची शिक्षणं त्या दिवसाने संपवली. पुढच्या वर्षी यिरोउसने एक प्रदीर्घ टिपण लिहिलं. त्याचा गाभा असा: सरकारी संस्कृतीशी भांडत बसू नये, तिच्याकडे परवानगीही मागू नये, तिच्यापासून स्वतंत्र अशी दुसरी संस्कृती उभी करावी. ‘दुसरी संस्कृती’ नावाचा पहिला महोत्सव त्याआधीच १९७४च्या सप्टेंबरमध्ये आणि दुसरा २१ फेब्रुवारी १९७६ला बोयानोव्हित्से गावात झाला. हा दुसरा महोत्सव म्हणजे यिरोउसच्या लग्नाचा समारंभ.

१७ मार्च १९७६ला अटकसत्र सुरू झालं. वीसहून अधिक लोक कोठडीत, कितीतरी चाहत्यांची चौकशी, वाद्यं आणि टेप जप्त. योगायोग असा की नागरी हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झेकोस्लोव्हाकियात बरोबर सहा दिवसांनी, २३ मार्चला, अंमलात आला. त्याआधी १९७५मध्ये मानवी हक्कांची हमी देणाऱ्या हेलसिंकीच्या जाहीरनाम्यावरही सरकारची सही होती.

नाटककार वाक्लाव हावेल तोवर या मंडळींपासून दूरच होते. अटकेच्या थोडं आधी ते यिरोउसला भेटले, रात्रभर बोलले, टेप ऐकल्या आणि पुढच्या कार्यक्रमाला यायचं त्यांनी कबूल केलं. तो कार्यक्रम झालाच नाही. इथे हावेल यांची नजर किती अचूक होती ते दिसतं. आतापर्यंत पकडले गेलेले होते जुने सुधारणावादी, लेखक, पक्षातून काढलेले लोक. सत्तेचे ओळखीचे विरोधक. या मुलांना राजकीय भूतकाळच नव्हता. त्यांना शिक्षा म्हणजे निव्वळ स्वतःच्या मनाप्रमाणे जगण्याला शिक्षा, हा मुद्दा हावेल यांनी एकेका लेखकाला, प्राध्यापकाला पटवला. लांब केसांच्या, अर्वाच्य शब्दांत गाणाऱ्या पोरांसाठी वृद्ध तत्त्वज्ञ यान पातोच्का आणि कवी यारोस्लाव्ह साइफर्ट पुढे आले. जर्मन लेखक हाइनरिश ब्यॉल यांना लिहिलेल्या खुल्या पत्रावर त्यांच्या सह्या होत्या. या दबावामुळे बहुतेकांना सोडावं लागलं. प्रागमधला खटला २१ ते २३ सप्टेंबरदरम्यान चालला. आरोप ‘संघटित हुल्लडबाजी’चा, पुरावा गाण्यांतले शब्द. यिरोउसला १८ महिने, डीजी ३०७ या मित्र-बँडच्या पावेल झायीचेकला १२, ब्राबेनेत्स आणि गाणारे पाद्री स्वातोप्लुक कारासेक यांना प्रत्येकी ८ महिने कैद झाली.

न्यायालयाच्या व्हरांड्यात जी माणसं पहिल्यांदा एकमेकांना भेटली, त्यांच्यातूनच चार महिन्यांच्या आत चार्टर ७७ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा उभा राहिला. त्यावर १ जानेवारी १९७७ ही तारीख आहे, आणि पहिले प्रवक्ते हावेल, पातोच्का आणि माजी परराष्ट्रमंत्री यिर्झी हायेक. सरकारला त्यांनी एवढंच म्हटलं, की सही केलीत तो कायदा पाळा. दीर्घ चौकशांनंतर पातोच्का मार्चमध्ये वारले. विल्सनला त्याच वर्षी देशाबाहेर काढण्यात आलं.

इतिहासाची पुस्तकं बहुधा इथे बँडला सोडून देतात. मला मात्र पुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात, कारण सर्वांत धाडसी संगीत त्यांनी यानंतर केलं. ब्राबेनेत्सने ख्रिस्ताच्या अखेरच्या दिवसांवर लिहिलेली रचना १९७८मध्ये हावेल यांच्या ह्राडेचेक इथल्या घराच्या कोठारात वाजवली गेली आणि ध्वनिमुद्रित झाली. टोरांटोहून विल्सनने १९८०मध्ये तिची रेकॉर्ड काढली. देशात मात्र बँडला घर देणाऱ्यांमागे पोलीस लागत. १९८२मध्ये छळाला कंटाळून ब्राबेनेत्स कॅनडाला गेला.

बँड फुटला तो १९८८मध्ये, आणि तोही लाठीने नव्हे. वारं बदलत होतं. फक्त आद्याक्षरांचं नाव लावलंत तर जाहीर कार्यक्रम करू देऊ, असा देकार आला. घ्यावा की नाही यावरून वर्षानुवर्षांचे सोबती वेगळे झाले. वर्षभरात राजवट गेली आणि २९ डिसेंबर १९८९ला हावेल राष्ट्राध्यक्ष झाले. आणखी एक जखम नंतर उघडी पडली: गुप्त पोलिसांच्या कागदपत्रांतून बाँडी खबऱ्या असल्याचं बाहेर आलं. गाणी त्याने कमी खरी होत नाहीत, पण ऐकताना ते विसरताही येत नाही.

चार्टरच्या विसाव्या वर्षी, १९९७मध्ये, हावेल यांच्या आग्रहावरून बँड पुन्हा एकत्र आला. ह्लावसा २००१मध्ये कर्करोगाने गेला, यिरोउस आणि हावेल दोघेही २०११च्या अखेरीस. टेपवरच्या जुन्या गाण्यांच्या सीडी नव्वदच्या दशकापासून निघाल्या आहेत. नव्याने ऐकणाऱ्याने कोठारातल्या त्या १९७८च्या रचनेपासून सुरुवात करावी, असं मी सुचवेन. बाँडीची गाणी त्यानंतर. तोवर त्या खरखरीची कानाला सवय झालेली असते.