जेम्सटाउनचे मचूळ पाणी

व्हर्जिनियातील जेम्सटाउन ही अमेरिकेतील इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत. तिथे सुरुवातीला इतकी माणसे का दगावली, याचे एक ठरावीक उत्तर अजूनही दिले जाते: आलेल्यांत खानदानी मंडळींचा भरणा होता, शेती कोणाला करायची नव्हती, सोने शोधण्यात वेळ गेला आणि शेवटी उपासमार झाली. या उत्तरात तथ्य असले तरी त्यात नदी कुठेच येत नाही, आणि ती आल्याशिवाय ही हकीकत पुरी होत नाही.

मे १६०७ मध्ये १०४ पुरुष आणि मुलगे जेम्स नदीच्या काठी उतरले. सखल, दमट जागी वस्ती करू नये, अशी वसाहत उभारणाऱ्या व्हर्जिनिया कंपनीची लेखी सूचना होती. पण काठालगत पाणी इतके खोल होते की जहाजे थेट झाडांना बांधता येत, म्हणून तीच जागा निवडली गेली. जानेवारी १६०८ मध्ये रसद घेऊन पुढचे जहाज आले, तोवर त्यांतील जेमतेम ३८ जण उरले होते. माणशी दिवसाला अर्धा पाइंट गहू आणि तेवढेच बार्ली पाण्यात शिजवून मिळे, आणि सहा महिने जहाजाच्या तळाशी राहिलेल्या त्या धान्यात दाण्यांइतक्याच अळ्या असत. जॉर्ज पर्सी या वसाहतकऱ्याने अंगावरची सूज, हगवण आणि तापाची नोंद केली आहे. बहुतेक जण भुकेने मेले असेच तो म्हणतो, पण नदीचे पाणी भरतीला अतिशय खारट आणि ओहोटीला गाळाने, घाणीने भरलेले असे, आणि त्याने अनेकांचा घात केला, हेही त्यानेच लिहिले आहे.

त्याचे हे निरीक्षण भौतिकदृष्ट्या अगदी बिनचूक आहे. खाडीत गोडे पाणी हलके असल्यामुळे वरून समुद्राकडे जाते, तर जड खारे पाणी तळाशी सरपटत उलट वर शिरते. उन्हाळ्यात नदीचा प्रवाह मंदावला की खाऱ्या पाण्याची ही हद्द आत सरकते. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. नदीने आणलेल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो, त्यामुळे गोड्या पाण्यात ते एकमेकांना दूर ढकलत तरंगत राहतात. खाऱ्या पाण्यातील सोडियम, मॅग्नेशियमचे धन आयन तो भार झाकून टाकतात, कण चिकटून त्यांचे पुंजके होतात आणि पुंजके खाली बसू लागतात. मात्र तळाचा प्रवाह वरच्या दिशेने वाहत असल्यामुळे तो त्यांना पुन्हा आत आणतो. अशा प्रकारे गोड्या-खाऱ्या पाण्याच्या सीमेवर गाळाचा एक पट्टा अडकून पडतो आणि कणांना चिकटलेले मलमूत्रातील जंतूही त्याच्याबरोबर तिथेच येरझारा घालतात. भूगोलतज्ज्ञ कार्व्हिल अर्ल यांनी १९७९ मध्ये मांडले की उन्हाळ्यात हा पट्टा नेमका जेम्सटाउनपाशी येई, आणि सूज, हगवण व ताप ही मीठबाधा, आमांश आणि विषमज्वर यांची लक्षणे होत. मला हे स्पष्टीकरण अतिशय सुंदर वाटते, कारण तीन वेगवेगळी दुखणी त्यात एकाच प्रवाहाला जोडली जातात.

पुढचा पुरावा झाडांनी दिला. बाल्ड सायप्रस वृक्षांच्या वाढवलयांवरून १९९८ मध्ये असे दिसले की १६०६ ते १६१२ ही त्या भागातील ७७० वर्षांतील सर्वांत कोरडी सात वर्षे होती. पाऊस नाही म्हणजे नदीला पाणी कमी आणि खारेपणा अधिक आत. शिवाय स्थानिक पोव्हॅटन लोकांकडेही मका बेताचाच, त्यामुळे देवघेवीत धान्य मिळेना आणि तंटे वाढले. त्याच झाडांनुसार १५८७ ते १५८९ ही वर्षेही भीषण दुष्काळाची होती. व्हर्जिनियाच्या दक्षिणेस असलेल्या रोआनोक बेटावरील इंग्रज वस्ती नाहीशी झाली ती याच सुमारास. तिच्याभोवती आजही शापाच्या आणि भुताखेतांच्या गोष्टी विकल्या जातात. तिथली माणसे कुठे गेली हे वलये सांगत नाहीत, पण त्यांच्यावर कोणते संकट होते हे स्वच्छ सांगतात.

जेम्सटाउनच्या एका जुन्या विहिरीत टाकलेले कालवांचे शिंपलेही बोलके ठरले. पाण्यात ऑक्सिजनचे हलके आणि जड असे प्रकार असतात; बाष्पीभवनात हलका ऑक्सिजन-१६ अधिक सहज उडतो आणि पावसावाटे नदीत उतरतो, म्हणून समुद्राच्या पाण्यात जड ऑक्सिजन-१८ चे प्रमाण नदीपेक्षा जास्त असते. कालव ज्या पाण्यात वाढते त्यातील हे प्रमाण शिंपल्याच्या थरांत उतरते. मात्र तापमानाचा परिणामही त्यात मिसळलेला असल्याने तो हिशेबात घ्यावा लागतो. तो धरूनही त्या काळचे पाणी आजच्यापेक्षा बरेच खारट निघाले.

१६०९-१० च्या हिवाळ्यात पोव्हॅटनांच्या वेढ्यामुळे खरी उपासमार झाली. चौदा वर्षांच्या एका इंग्रज मुलीच्या कवटीवर मांस काढल्याच्या खुणा सापडल्या आहेत. त्या हिवाळ्याचा दोष खाडीला देता येणार नाही. १६११ मध्ये वसाहतीचा अधिकारी टॉमस डेल याने नदीच्या बऱ्याच वरच्या अंगाला, गोड्या पाण्यावर हेन्रिको ही नवी वस्ती वसवली आणि पुढच्या वर्षी तो दुष्काळही संपला, त्यामुळे जागा बदलल्याचा लाभ किती आणि पावसाचा किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.