मधुमालती : ओळख आणि वळण

मधुमालती ही लाकडी खोडाची मोठी वेल अर्जुन, ऐन आणि हिरडा यांच्याच काँब्रेटेसी कुलातली आहे. शास्त्रीय नाव काँब्रेटम इंडिकम. जुन्या पुस्तकांत ती क्विस्क्वालिस इंडिका म्हणून सापडते. मूळची उष्ण कटिबंधीय आशियातली. बंगल्यांच्या फाटकांवर आणि सोसायट्यांच्या कुंपणांवर तिचे गुलाबी-लाल घोस महाराष्ट्रभर दिसतात. तिला लाल चमेलीही म्हणतात, पण चमेलीशी तिचे काही नाते नाही.

घोळ नावापासूनच सुरू होतो. हिप्टेज बेंगालेन्सिस ही माधवीलता किंवा हळदवेल. तिलाही कित्येक जण मधुमालतीच म्हणतात. फुले आल्यावर मात्र चूक होत नाही. माधवीलतेच्या पाकळ्यांना झालर असते आणि पाचांतल्या एकीवर पिवळा डाग. फळाला तीन पंख. ती उन्हाळ्याच्या तोंडाशी फुलते. मधुमालतीचे फूल पाच ते सात सेंटिमीटर लांब, बारीक नळीच्या टोकाला उघडते. तेही संध्याकाळी, आणि पांढरेशुभ्र. दुसऱ्या दिवशी ते गुलाबी होते, तिसऱ्या दिवशी लाल. म्हणून एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात. पहिल्या रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढल्यावर दिवसा मधमाश्या आणि फुलपाखरे.

नव्या बागेत फुलांची वाट पाहायला वर्ष-दीड वर्ष लागू शकते. तोवर देठ पाहावा. दोन्ही वेलींची पाने समोरासमोर येतात, त्यामुळे तेवढ्यावरून निर्णय होत नाही. माधवीलतेचे पान जाड आणि चामड्यासारखे असते, मधुमालतीचे पातळ, शिरा उठून दिसणारे. शिवाय तिचे पान गळताना देठाचा खालचा तुकडा फांदीवरच राहतो, वाळतो आणि खाली वाकलेला कडक काटा होतो. जुन्या फांदीवरून बोट उलटे फिरवले की तो लागतो. तिला काकडी-कारल्यासारखे ताणे नसतात. चढताना याच आकड्यांचा तिला मोठा आधार असतो.

रोप लावल्यावर पहिले काही महिने ती चक्क झुडपासारखी उभी वाढते. ‘वेल म्हणून दिली आणि झुडूप निघाले’ ही रोपवाटिकेविरुद्धची तक्रार बहुधा याच काळातली असते, आणि बहुधा चुकीची. पुढे तिला लांब, लवचीक फुटवे येतात. जुन्या शास्त्रीय नावातही असाच संभ्रम आहे : लॅटिनमध्ये क्विस म्हणजे कोण, क्वालिस म्हणजे कसले. सतराव्या शतकात आजच्या इंडोनेशियातल्या अंबोइना बेटावर राहिलेल्या रुम्फियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले. उदानी हे मलायी नाव डच भाषेतल्या ‘कसले’ अशा अर्थाच्या शब्दासारखे ऐकू येते, त्यावरून त्याने ही कोटी केली असे सांगतात.

वळण लावण्याचे काम या लांब फुटव्यांपासून सुरू होते. दोन-तीन दणकट फुटवे ठेवून बाकीचे बुंध्यातून काढावेत. सुतळी फांदी आणि आधार यांच्यामध्ये एक पीळ देऊन सैल बांधावी. घट्ट गाठ सालीत रुतते. सगळ्यात जास्त चूक होते ती फुटवे सरळ वर नेण्यात. शेंड्यात तयार होणारे संप्रेरक खालचे डोळे दाबून धरते, म्हणून सरळ चढवलेली वेल गच्चीवर फुलते आणि खाली नुसती काटेरी दोरखंडे लोंबतात. फुटवा तिरपा किंवा आडवा बांधला की वाटेतले डोळे जागे होतात आणि पेरापेरातून आडफांद्या फुटतात. फुले त्या नव्या फुटींच्या टोकांना येतात, तेव्हा छाटणी बहर ओसरल्यावरच करावी आणि आडफांद्यांवर दोन-तीन डोळे ठेवावेत. ऐन बहराआधी कात्री चालवली की त्या खेपेची फुले गेलीच. नत्र भरपूर दिले तर पानेच माजतात.

ऊन भरपूर हवे आणि मांडव लोखंडी पाइपाचा. बांबू दोन पावसाळे काढतो, वेल मात्र कित्येक वर्षे राहते आणि दरसाल जड होते. सांडपाण्याचा पाइप, मंगलोरी कौले आणि शेजारचा आंबा यांच्यापासून तिला लांब लावावे. मुळांपासूनही फुटवे येतात. बुंध्यापासून हातभर अंतरावर अचानक उगवलेले ‘नवे रोप’ पुष्कळदा तिचेच असते. ते कोवळे असतानाच मातीखालून उपटावे. वरून कापले तर एकाचे तीन होतात.