बटण आहे, पण दाबत का नाहीत?

एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी गळ्यात अडकवायचं एक बटण मिळतं. पडलात तर दाबायचं, मदत धावून येते. पण केंब्रिजमध्ये नव्वदी ओलांडलेल्या लोकांचा वर्षभर मागोवा घेतला गेला, तेव्हा वेगळंच दिसलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, पडून बराच वेळ जमिनीवर राहिलेल्या बहुतेकांनी जवळ सोय असूनही ती वापरली नव्हती. कुणाला बटण घालायची सवयच लागली नव्हती, कुणाला आपलं आपण उठायचं होतं, तर कुणाला दवाखान्यात नेतील याची धास्ती होती.

बॅटरी वाढवून किंवा बटण मोठं करून ही धास्ती जाणार नाही. बटण दाबल्यावर आधी कोण बोलणार, दवाखान्यात जायचं की नाही हे कोण ठरवणार, हे प्रश्न वस्तू घडण्याआधीच वृद्धांशी बोलून सोडवावे लागतात. तयार यंत्र हातात देऊन ‘कसं वाटलं?’ विचारण्याला मी सहभाग म्हणणार नाही. तोवर महत्त्वाचं सगळं ठरून गेलेलं असतं.

वापरणाऱ्यांना सुरुवातीपासून सोबत घेऊन वस्तू घडवण्याची ही पद्धत रुजली स्कँडिनेव्हियात, १९७०च्या दशकात, कामगार संघटनांच्या आग्रहातून. पुढे १९८१ साली सुरू झालेल्या ‘युटोपिया’ प्रकल्पात छपाई कामगारांनी पुठ्ठ्याची खोटी यंत्रं मांडून संगणकावरचं आपलं भावी काम करून पाहिलं. पुठ्ठा कुणीही बेधडक कापतो; महागड्या नमुन्याला हात लावायला माणूस कचरतो.

कधी रुग्णच पुढे निघून जातात. टाइप १ मधुमेह असलेल्या मुलांच्या पालकांना मुलाची साखर दुरून दिसायला हवी होती. २०१३च्या सुमारास त्यांतल्या काहींनी ती सोय स्वतःच घडवली आणि ‘आम्ही थांबणार नाही’ हे त्यांचं घोषवाक्य झालं. साखरेनुसार इन्सुलिनचं प्रमाण आपोआप बदलणाऱ्या, रुग्णांनी रचलेल्या अशाच एका प्रणालीतून घडलेल्या ‘टाइडपूल लूप’ला जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरी मिळाली.

हे पालक तंत्रज्ञ होते, बोलके होते. मला काळजी वाटते ती बैठकीला पोचूच न शकणाऱ्यांची. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाचं मत त्याच्या मुलीला विचारून भागत नाही. भेटी छोट्या ठेवाव्या लागतात, त्याच्या ओळखीच्या खोलीत. संमती दर वेळी नव्याने घ्यावी लागते. आणि त्याने यंत्र बाजूला सारलं, तर तेही त्याचं मत म्हणून टिपून घ्यावं लागतं.