गोल्ड फिल्ड सापाची अंगठी: घेताना आणि वापरताना

वेटोळे घातलेल्या सापाची ही जुनी अंगठी भरीव सोन्याची नाही, पण ती मुलाम्याचीही नाही. आत पितळेचा गाभा आहे आणि त्यावर सोन्याचा पत्रा. पितळेच्या जाड पट्टीवर कमी कॅरटचे सोने ठेवून, दोन्ही तापवून दाबाखाली एकजीव करायचे आणि मग रुळांतून लाटत पातळ करायचे, ही गोल्ड फिल्डची रीत. अमेरिकेत प्रॉव्हिडन्स आणि त्याच्या शेजारचे ॲटलबरो ही या कामाची मोठी ठिकाणे. १८३९ साली प्रिन्स अल्बर्टने राणी व्हिक्टोरियाला पाचू जडवलेली सापाची अंगठी दिली. साप म्हणजे न संपणारे प्रेम, असा तिथला संकेत. ज्यांना हा घाट सोन्यात परवडत नसे त्यांच्यासाठी तो गोल्ड फिल्डमध्ये निघाला.

आतला शिक्का भिंगाखाली वाचा. रोमन अक्षरांत ‘१/२० १२ के जी.एफ.’ (के म्हणजे कॅरट, जी.एफ. म्हणजे गोल्ड फिल्ड) असेल तर अंगठीच्या वजनाचा विसावा भाग १२ कॅरट सोने आहे. म्हणजे ४ ग्रॅमच्या अंगठीत १२ कॅरटचे ०.२ ग्रॅम, आणि शुद्ध सोने फक्त ०.१ ग्रॅम. एक गुंजही भरत नाही. ‘आर.जी.पी.’ (रोल्ड गोल्ड प्लेट) असेल तर सोन्याचे प्रमाण याहून कमी. ‘एच.जी.ई.’ (हेवी गोल्ड इलेक्ट्रोप्लेट) म्हणजे विजेच्या साहाय्याने चढवलेला मुलामा. घाट कितीही जुना दिसला तरी अशी अंगठी बहुधा अलीकडची असते.

इथे एक फसगत नेहमी होते. कसोटीवर घासली की सोन्याचाच कस उमटतो, कारण दगडाला लागतो तो वरचा पत्रा. सराफाकडचे एक्स-रे मशीनही वरचे काही मायक्रॉनच वाचते आणि ‘५० टक्के सोने’ दाखवते. त्या आकड्यावर भरीव सोन्याचा भाव देऊ नका. खात्रीची परीक्षा पाण्यातल्या वजनाची, कारण पितळ सोन्याहून हलके असते. ४ ग्रॅमची गोल्ड फिल्ड अंगठी दोऱ्याने पाण्यात टांगून तोलली तर वजन सुमारे ०.४६ ग्रॅमने घटते; १४ कॅरटची भरीव अंगठी असती तर घट जेमतेम ०.३१ ग्रॅम आली असती. डोळे काचेचे असतील तर मात्र ही परीक्षा करू नका. काचेच्या खड्यामागे चकचकीत वर्ख लावलेला असतो, त्यात पाणी गेले की डोळा काळा पडतो आणि पुन्हा उजळत नाही.

या अंगठीला हॉलमार्क किंवा एचयूआयडी (हॉलमार्कसोबतचा ओळख क्रमांक) मिळत नाही, त्यावर सोनेतारण होत नाही आणि मोडीत किंमत फारशी येत नाही. म्हणून आमच्या दुकानाच्या बिलावर ‘गोल्ड फिल्ड’ असेच लिहिलेले असते, सोन्याच्या दराचा उल्लेख नसतो. किंमत ठरते ती घाट, कोरीवकाम आणि पत्रा किती शाबूत आहे यावर. तो पत्रा झिजला की परत येत नाही, एवढे ध्यानात ठेवले की पुढच्या सूचना आपोआप पटतील.

घेताना आधी तळव्याकडची बाजू पाहा. झीज तिथे सर्वात जास्त, मग सापाच्या नाकाडावर आणि शेपटीच्या टोकाला. पत्रा संपला तिथे रंग बदलतो, पितळ मळकट तपकिरी दिसते. वेढ्यांच्या फटीत हिरवा कळंक असेल तर आत ओल मुरली आहे. खवले बोटाच्या पेराने चाचपा. कडा हाताला जाणवल्या तर कोरीव काम टिकून आहे. ते गुळगुळीत लागले तर कोणीतरी बफ मारून (पॉलिशच्या चाकावर घासून) पत्रा उडवला आहे, आणि अशी अंगठी वरून चमकत असली तरी आम्ही ती कमी भावात लावतो.

माप आधीच नीट घ्या. अमेरिकन ७ नंबर म्हणजे आतला व्यास १७.३ मिमी, आपल्याकडचा सुमारे १४ नंबर. नंतर माप बदलायला कापून डाख दिला की सांध्यात पितळ उघडे पडते आणि आचेने आसपासच्या सोन्याचा रंग उतरतो. ताणून वाढवली तर पत्रा आणखी पातळ होतो. टोके मोकळी असलेली अंगठी लाकडी दांड्यावर हलक्या हाताने अर्धा नंबर लहान-मोठी करता येते, तीही एकदाच. वारंवार वाकवले की पितळ कडक होऊन तडकते. सैल होत असेल तर आतून पारदर्शक रिंग गार्ड लावणे उत्तम.

धुवायची तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, लहान मुलाचा मऊ ब्रश, एक मिनिट. मग लगेच सुती कापडाने कोरडी करा. काचेचे डोळे असतील तर फक्त ओलसर कापड. चिंच, लिंबू किंवा पितळी भांडी घासायची पावडर कदापि नको. आम्ल पत्र्याच्या कडेने आत शिरून पितळातले जस्त खाते आणि तिथे तांबूस डाग उरतो. टूथपेस्टने खवले झिजतात. केसांना डाय लावताना अंगठी काढून ठेवा, कारण बऱ्याच डायमध्ये अमोनिया असतो आणि वाकवलेले पितळ अमोनियाने तडकते. ब्रिटिश फौजेची पितळी काडतुसे इथल्या पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत ठेवल्यावर फुटत, ती याच कारणाने.

बोट हिरवे पडू लागले तर पितळ उघडे पडले आहे असे समजा. अशा वेळी आम्ही आतल्या बाजूला पारदर्शक लॅकर (संरक्षक लेप) लावतो. रोज वापरलीत तर तो काही महिन्यांनी पुन्हा लावावा लागतो. मुलामा देण्याचा आग्रह धरू नका. त्याआधी पॉलिश करावे लागते, आणि उरलेले खवले त्यातच जातात.