सन कंट्रोल फिल्म कापणे

ऊन अडवण्यासाठी खिडकीच्या वा गाडीच्या काचेवर लावायच्या पॉलिएस्टर फिल्मचे मापाने तुकडे काढणे आणि बसवताना कडा साफ करणे, ही दोन्ही कामे यात येतात. साधी फिल्म 40 ते 50 मायक्रॉन जाडीची असते. फुटलेली काच धरून ठेवणारी सुरक्षा फिल्म 100 मायक्रॉन किंवा त्याहून जाड. चिकट बाजूवर पारदर्शक लायनर, म्हणजे लावताना सोलून काढायचा थर, असतो. तो ओळखू आला नाही तर कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीचे तुकडे लावून ओढतात, लायनर सुटतो.

हात भराभर चालवून या कामात फारसे काही वाचत नाही. माल वाचतो तो रोल उलगडण्याआधी, कागदावर. रोल बहुधा 60 इंच रुंद व 100 फूट लांब असतो. समजा, खिडक्यांची 28 × 46 इंचांची आठ शटर (काचेची झडपे) आहेत. छाटणीसाठी लांबी-रुंदीत 2-2 इंच वाढवले की तुकडा 30 × 48 होतो. 48 इंचांची बाजू रोलच्या रुंदीत धरली तर आठ तुकड्यांना 20 फूट रोल लागतो आणि 12 इंची पट्टी वाया जाते. तुकडा फिरवून रुंदीत दोन बसवले की 16 फुटांत काम होते. 20 चौरस फूट फिल्म वाचते. माप मात्र प्रत्येक शटरचे वेगळे घ्यावे. शेजारशेजारची शटर सारखी दिसली तरी सूत-दोन सुतांचा (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) फरक निघतोच.

मुख्य हत्यार म्हणजे 9 मिमी रुंदीचे, टोक मोडता येणारे कटर ब्लेड. ही रचना ओसाकाच्या योशिओ ओकादा यांनी 1956 मध्ये केली. तुकडे पाडता येणाऱ्या चॉकलेटच्या वडीवरून त्यांना ती सुचली. टेबलावर धारदार कार्बन स्टीलचे ब्लेड चालते. काचेवर स्टेनलेसचे बरे, कारण ते मऊ असते आणि ओरखडा पडण्याचा धोका कमी राहतो. एका काचेनंतर टोक मोडायचे. पकडीने मोडून टोक डबीत टाकावे, जमिनीवर नाही. टोक वाचवण्याची काटकसर महागात पडते: बोथट ब्लेड फिल्म कापत नाही, ओढते; कडेला करवतीसारखे दाते येतात आणि उन्हात ते लांबूनही दिसतात.

काचेवरची छाटणी अशी: साबणाच्या पाण्यावर फिल्म सरकवून जागेवर आणतात, स्क्वीजीने (रबरी पात्याच्या पुसणीने) आधी मधले पाणी काढतात, कडा ओल्या ठेवतात. मग काचेभोवतीच्या रबर पट्टीला (बीडिंगला) प्लास्टिकचे कडक कार्ड टेकवून त्याच्या कडेने कटर आडवे धरून ओढतात. ब्लेड एकच टप्पा बाहेर, दाब जेमतेम. मध्येच कटर उचलले की त्या जागी पायरी पडते. कोपऱ्याच्या इंचभर अलीकडे थांबून उरलेला काप कोपऱ्याकडून उलटा घेतात. कडेला अर्धा सूत, म्हणजे दीडेक मिमी, फट राहिली पाहिजे. ती आळसाची खूण नव्हे: तिच्यातून पाणी बाहेर पडते, आणि रबरावर चढलेली फिल्म धूळ धरून महिन्याभरात उचकटते.

गाडीची मागची काच दोन्ही दिशांनी वाकलेली असते. तिची फिल्म काचेच्या बाहेरच्या बाजूला कापून, हीट गनने आकसवून मग आत लावतात. डीफॉगरच्या (काचेवरचे धुके घालवणाऱ्या) तारा आतल्या बाजूला असल्याने ब्लेड तिथे लागत नाही. फिल्म मुख्यतः रोलच्या लांबीच्या दिशेने आकसते. तुकडा चुकीच्या दिशेने काढला तर सुरकुत्या कितीही तापवल्या तरी बसत नाहीत. भारतात गाडीच्या काचेला कायद्याची मर्यादा आहे: पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान 50 टक्के प्रकाश आत आला पाहिजे.

गाड्यांचे तुकडे आता प्लॉटरवरही, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्रावरही, कापतात. त्यात ब्लेडने फिल्म पूर्ण कापायची, पण लायनर शाबूत ठेवायचा असतो. खोली जास्त झाली तर तुकडा सुटून यंत्रात अडकतो, कमी झाली तर कोपरे सुटत नाहीत. म्हणून रोल बदलला की टाकाऊ तुकड्यावर छोटा चौकोन कापून आधी पाहतात.