तिकीट नंबर: गिरणगावातल्या पूर्वजांचा माग

जून 2012 मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. घरं 6,925 होती आणि अर्जदार त्याच्या कितीतरी पट. त्या सुमारास कोकणात आणि घाटावर घरोघरी माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंका खाली आल्या. आपला माणूस गिरणीत होता याचा पुरावा हवा होता: तिकीट नंबर (म्हणजे कामगाराचा गिरणीतला क्रमांक), लाल पास, सर्व्हिस सर्टिफिकेट, फंडाची चिठ्ठी, पगाराची पावती. आजोबा साचाखात्यात, म्हणजे विणकामात होते की त्रासनखात्यात, म्हणजे सूतकताईत, हे अनेक नातवंडांना तेव्हाच पहिल्यांदा कळलं.

हे कागद इतके तुटपुंजे का, याचं उत्तर भरतीच्या पद्धतीत आहे. 1856 साली ताडदेवला मुंबईची पहिली सूतगिरणी सुरू झाली, आणि त्यानंतर कितीतरी दशकं माणसं कामावर घेतली ती जॉबरने, म्हणजे खात्यातल्या मुकादमाने, आणि बायकांना नाईकिणीने. जॉबरला कागद लागत नसे. आपल्या गावचा, आपल्या नात्यातला, ओळखीने आलेला, एवढं त्याला पुरे. बदली कामगार रोज पहाटे गिरणीच्या दारात उभा राही. खाडा पडला तर त्याला काम, नाहीतर घरी परत. 1935 मध्ये गिरणीमालकांनी बदलीवाल्यांना कार्डं द्यायला सुरुवात केली, ती जॉबरची पकड सैल करण्यासाठी. पुढे ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि 1952 चा भविष्य निर्वाह निधी कायदा आला, तेव्हा कुठे कामगाराच्या नावासमोर वारसाचं नाव लिहिलं जाऊ लागलं. म्हणून आजोबा स्वातंत्र्यानंतर गिरणीत होते तर काहीतरी हाती लागतं. पणजोबांपाशी पोहोचेपर्यंत गिरणीचा कागद बहुधा संपलेला असतो.

तिथून पुढे गावाकडे वळावं लागतं. वतनदारांची, जमीनवाल्यांची नावं फेरफारात आणि सातबाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या सापडतात. ज्याच्याकडे तुकडाही नव्हता आणि म्हणूनच जो मुंबईला गेला, त्याच्यासाठी गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक, हाच मोठा आधार. त्यात गावातले जन्म-मृत्यू लिहिलेले असतात, जुने बरेचसे मोडीत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी ही दप्तरं तहसिलांतून बाहेर काढली गेली आणि काही जिल्ह्यांनी त्यांच्या प्रती संकेतस्थळांवरही ठेवल्या. हेतू वेगळा होता, पण पूर्वज शोधणाऱ्याला त्याचा मोठाच उपयोग झाला. शाळेचं जनरल रजिस्टरही बघावं. दोन इयत्ता शिकून गिरणीत गेलेल्या पोराचं नाव तिथे असू शकतं.

कागद वाचताना खात्याकडे नीट बघा, असं मी आग्रहाने सांगते. खातं म्हणजे नुसतं काम नव्हे. मागावर आडवं सूत नेणाऱ्या धोट्यात नवी कांडी भरताना सूत तोंडाने ओढून घ्यावं लागे, आणि विटाळाच्या नावाखाली अस्पृश्य कामगारांना साचाखात्यात, जिथे मजुरी जास्त, तिथे घेतच नसत. 1928 च्या संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न लावून धरला. दलित घरातल्या पणजोबांच्या नावापुढे तीस वर्षं त्रासनखातंच दिसत असेल, तर त्याचा अर्थ कसब कमी होतं असा काढू नका. त्यांच्यासाठी दार बंद होतं.

18 जानेवारी 1982 ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनी विकल्या गेल्या, आणि कचेऱ्यांसोबत मस्टरंही पांगली. त्यामुळे गिरणी कोणती होती याइतकंच खोली कोणती होती हेही विचारावं. एका गावची माणसं एका गाळ्यात पाळीपाळीने झोपत, एकाच खानावळीत जेवत. कोकणातल्या कित्येक ग्रामस्थ मंडळांच्या अशा खोल्या होत्या आणि मंडळांकडे वर्गणीच्या वह्या असत. त्या वह्या लिहिणारा त्यांच्यातलाच एक असे. माझ्या मते गिरणगावातला सगळ्यात विश्वासाचा कागद हाच.

बायकांचा माग काढणं त्याहून अवघड. रीळखात्यात, वाइंडिंगमध्ये (सूत गुंडाळण्याच्या खात्यात) राबलेल्या बायका मस्टरवर तरी आल्या. खानावळ चालवणारी कुठेच आली नाही, आणि गावी राहून शेत ओढणारी तर नाहीच नाही.

आमच्या ट्रंकेत आजोबांच्या तिकिटाखाली दोऱ्याने बांधलेला एक गठ्ठा होता. मनिऑर्डर गावी पोचली की पैसे घेणाऱ्याच्या सहीची पावती पाठवणाऱ्याकडे परत येई. आजोबांनी त्या सगळ्या जपल्या होत्या. आजीचं नाव मला गिरणीच्या एकाही कागदावर मिळालं नाही. या पावत्यांवर मात्र दर महिन्याला गावच्या पोस्टाचा शिक्का आहे, तारीख आहे, आणि खाली तिच्या डाव्या हाताचा अंगठा.